पहिला धडा इंजिन बंद ठेवूनच

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इंजिनाचा कॉम्प्युटर, म्हणजे इसीयू, स्वतःचा स्वतः कसा ट्यून करावा यावर लेख आला होता. असा विषय मराठीत छापलात याचं कौतुक आधीच करून टाकते, कारण पुढे तक्रार आहे आणि ती जरा लांबलचक आहे. नवशिक्यांना लेखकाने सांगितलेला क्रम असा: लॅपटॉप जोडा, आपल्यासारख्याच इंजिनाचा तयार मॅप (म्हणजे पेट्रोल आणि ठिणगीच्या आकड्यांचे तक्ते) मिळवून इसीयूत टाका, एक्झॉस्टवरून मिश्रणाचा अंदाज देणारा वाइडबँड सेन्सर बसवा, तक्ता आपोआप दुरुस्त करणारा ऑटोट्यून चालू करा आणि चक्कर मारून या, बाकीचं सॉफ्टवेअर बघून घेईल. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट कधी ना कधी करावी लागते, हे खरं. पण या क्रमाने केली तर शिकणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही आणि इंजिनाच्या जिवावर बेतू शकतं.

मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन म्हणून निवृत्त झाले. प्रेशर ट्रान्समीटर, थर्मोकपल, कंट्रोल व्हॉल्व्ह यांचं कॅलिब्रेशन करण्यात नोकरीची सगळी वर्षं गेली. गाडीशी संबंध म्हणाल तर चालवण्यापुरता. भाच्याने त्याच्या जुन्या, चार सिलिंडरच्या गाडीचा कार्ब्युरेटर काढून तिथे फ्युएल इंजेक्शन आणि एक ओपन सोर्स इसीयू बसवायचं मनावर घेतलं, आणि "आत्या, हे तर तुझंच खातं," म्हणत मलाही त्यात ओढलं. पाहिलं तर खरंच माझंच खातं होतं. तापमान, दाब, व्होल्टेज, आणि त्यावरून किती वेळ व्हॉल्व्ह उघडायचा याचा हिशेब. इंजेक्टर म्हणजे शेवटी एक छोटा, फार चपळ व्हॉल्व्हच की.

तर पहिली तपासणी गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी करायची, आणि तीही इंजिन चालू न करता. नुसती किल्ली फिरवायची आणि इसीयूला काय काय दिसतंय ते लॅपटॉपवर पाहायचं. रात्रभर थंड झालेल्या इंजिनात कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान सारखंच दिसायला हवं, आणि भिंतीवरच्या थर्मामीटरचंही तेच म्हणणं असायला हवं. इनटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला, दाब मोजणारा मॅप सेन्सर (तयार मॅपशी याचा संबंध नाही) या वेळी बाहेरच्या हवेचाच दाब मोजत असतो. समुद्रसपाटीला तो 101 किलोपास्कलच्या आसपास येतो, हजार मीटर उंचीवर 90 च्या. अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असताना थ्रॉटल 0, पूर्ण दाबला की 100. इसीयू दाखवतो तो बॅटरीचा व्होल्टेज आणि मल्टिमीटरने मोजलेला व्होल्टेज एकच यावा. एवढं करायला एक चहा थंड होण्याइतकाही वेळ लागत नाही आणि पेट्रोलचा थेंब खर्च होत नाही. आपल्या लेखात मात्र यावर एक ओळ नाही.

आमच्याकडे कूलंटचं तापमान हवेपेक्षा चांगलं अकरा अंशांनी जास्त दिसत होतं. सेन्सरला काही झालेलं नव्हतं, सॉफ्टवेअरच्या यादीतून भलत्याच जातीच्या सेन्सरचा तक्ता निवडला गेला होता. हे सेन्सर म्हणजे तापमान वाढलं की रोध कमी होणारे थर्मिस्टर, आणि प्रत्येक जातीचा चढउतार वेगळा. कारखान्यात करायचो तेच इथे केलं. सेन्सर एकदा बर्फाच्या पाण्यात, एकदा कोमट पाण्यात आणि एकदा उकळत्या पाण्यात बुडवला, तिन्ही वेळा रोध मोजला आणि त्या तीन जोड्या सॉफ्टवेअरला दिल्या. त्यानंतर सगळी तापमानं जुळली. हे राहून गेलं असतं तर थंड इंजिनाला गरम समजून इसीयूने वॉर्मअपचं जादा पेट्रोल वेळेआधीच आखडतं घेतलं असतं, गाडी रोज सकाळी आचके देत राहिली असती, आणि आम्ही दोघं त्याचं कारण इंधनाच्या तक्त्यात शोधत बसलो असतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

यानंतर टायमिंग लाइट, म्हणजे प्रत्येक ठिणगीबरोबर चमकणारा दिवा. सॉफ्टवेअरमध्ये ठिणगीची वेळ तात्पुरती एका आकड्यावर, समजा पिस्टन वर पोहोचण्याच्या 10 अंश आधी, बांधून ठेवता येते. मग क्रँकच्या पुलीवर टायमिंग लाइट मारायचा; खूणही 10 वरच दिसली पाहिजे. तशी दिसत नसेल तर पडद्यावरचा अंशाचा एकही आकडा विश्वासाचा नाही. क्रँकवरच्या चाकाला 36 दात्यांच्या जागा असून एक दाता गाळलेला असेल, तर एक दाता म्हणजे 10 अंश. 60 पैकी दोन गाळलेले असतील, तर 6 अंश. इसीयू हे दाते मोजूनच क्रँकची जागा ओळखतो; मोजणी एका दात्याने घसरली की एवढा फरक. आणि हे नुसतं आयडलिंगला पाहून भागत नाही. रेस वाढवत नेली तरी खूण जागची हलता कामा नये. हलत असेल, आणि चाकावरचा सेन्सर चुंबकीय, दोन तारांचा असेल, तर त्या दोन तारा उलट जोडल्या गेल्याची दाट शंका घ्यावी, कारण मग इसीयू सिग्नलची भलतीच कड धरून बसतो. जुन्या इंजिनांत आणखी एक गंमत असते. पुलीची बाहेरची कडी रबरावर बसवलेली असते आणि वर्षानुवर्षांत ती सरकते, मग खूणच खोटी. पहिला पिस्टन खरोखर वर कुठे येतो हे प्लगच्या भोकातून एकदा तपासून घ्यावं आणि खूण नव्याने करावी.

कॉम्प्रेशन, पेट्रोलचा दाब, मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा ओढली जाते का, ही तपासणी कोणताही चांगला मेकॅनिक सांगेल, तिच्यात शिरत नाही.

आता तो तक्ता, ज्याच्यावरून एवढं रामायण चालतं. सोळा आडव्या, सोळा उभ्या, अशा 256 चौकटी. एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला मॅनिफोल्डमधला दाब. प्रत्येक चौकटीतला आकडा सांगतो की त्या वेगाला, त्या दाबाला सिलिंडर आपल्या क्षमतेच्या मानाने किती टक्के हवेने भरतो. सगळे त्याला व्हीई म्हणतात. त्यावरून हवा, हवेवरून पेट्रोल, आणि पेट्रोलवरून इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते ठरतं. बॉशने 1967 साली डी-जेट्रॉनिक आणलं तेव्हाही मूळ कल्पना हीच होती, मॅनिफोल्डचा दाब आणि इंजिनाचा वेग. फक्त तेव्हा तो हिशेब कंपनीने सर्किटमध्ये कायमचा बसवून दिलेला असे. ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो यांच्या मेगास्क्वर्ट या घरी जोडायच्या इसीयूमुळे तो हौशी माणसाच्या हातात आला, आणि आता आर्डुइनो या छोट्या हौशी सर्किट बोर्डावर चालणारा स्पीडुइनोही आहे. चौकट दुरुस्त करण्याचं गणित शाळेतल्या मुलालाही जमेल. लॅम्डा म्हणजे पेट्रोल पूर्ण जळायला लागते त्याच्या किती पट हवा मिश्रणात आहे तो आकडा; 1 च्या वर गेला की पेट्रोल कमी, खाली आला की जास्त. पाहिजे होता लॅम्डा 1.00, लॉगमध्ये, म्हणजे लॅपटॉपने टिपलेल्या नोंदीत, आला 1.08, चौकटीत आहेत 50. पन्नासला 1.08 ने गुणा, 54 लिहा. ऑटोट्यून हाच गुणाकार भराभर करतो. समोर आलेला 1.08 खरा आहे की खोटा, हे कळण्याची सोय त्याच्यात नाही.

याचा जो अनुभव आम्हाला आला तो सविस्तर सांगते, कारण या एका गोष्टीसाठी मी हे पत्र लिहायला बसले. वाइडबँड सेन्सर पेट्रोल मोजत नाही. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन किती उरला किंवा किती कमी पडला, त्यावरून तो मिश्रणाचा अंदाज देतो. एखादा सिलिंडर मिसिंग करत असेल तर त्यातलं पेट्रोल न जळता बाहेर पडतं आणि त्याच्या वाट्याचा ऑक्सिजनही तसाच बाहेर येतो. सेन्सरला तो ऑक्सिजन जाणवतो आणि तो सांगतो, इंजिन लीन आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय.

आमचं इंजिन आयडलिंगला थरथरत होतं आणि पडद्यावर लॅम्डा 1.2 च्या वर होता. भाच्याने ऑटोट्यून लावला. आयडलच्या आसपासच्या चौकटी चढायला लागल्या, 38 च्या 41, 41 च्या 45, आणि लॅम्डा काही केल्या खाली येईना. "आत्या, अजून मागतंय," तो आतून ओरडला. मी सायलेन्सरच्या मागे उभी होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कच्च्या पेट्रोलचा एवढा भपकारा येत असताना इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय हे कुठल्या नाकाला पटेल? ऑटोट्यून बंद करायला लावला, माझ्या पेटीतला इन्फ्रारेड थर्मामीटर काढला आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या चारही नळ्यांवर एकेक करून धरला. तीन नळ्या एकमेकींच्या आसपास, चौथी शंभराहून जास्त अंशांनी थंड. मग पाळीपाळीने इंजेक्टरचे कनेक्टर काढून पाहिले. पहिल्या तिघांपैकी कोणाचाही काढला की इंजिन बसायला यायचं. चौथ्याचा काढला तर आरपीएम जेमतेम हलला. त्याच्या प्लग वायरच्या रबरी टोपीला केसासारखी चीर होती, अंधार करून पाहिल्यावर तिथून हेडवर उडणारी निळसर ठिणगी दिसली. वायर बदलली आणि लॅम्डा एका दमात 0.86 वर आला. ऑटोट्यूनने कोंबलेलं पेट्रोल आता कुठे खरं दिसायला लागलं होतं. मूळचे 38 परत लिहिले, तर लॅम्डा 1 च्या आसपास येऊन स्थिर झाला. म्हणजे तक्ता पहिल्यापासून बरोबरच होता आणि सॉफ्टवेअर तो इमानेइतबारे बिघडवत होतं.

सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्टचं गॅस्केट फुटकं असलं तरी नेमकं हेच होतं. आयडलिंगला बाहेरची हवा आत ओढली जाते आणि पडद्यावर लीन दिसतं. म्हणून आकडा, नाक, कान आणि प्लगचा रंग हे चौघं एकमेकांशी जुळत नसतील तर तक्त्याला हात लावू नये.

असाच आणखी एक लपलेला आकडा म्हणजे इंजेक्टरचा डेड टाइम. विजेचा इशारा मिळाल्यापासून इंजेक्टर प्रत्यक्ष उघडेपर्यंत साधारण एक मिलिसेकंदाच्या आसपास वेळ वाया जातो, आणि व्होल्टेज उतरला की तो वाढतो. फुल लोडला इंजेक्टर बारा-बारा मिलिसेकंद उघडा असतो, तिथे 0.2 मिलिसेकंदाची चूक कोणाच्या लक्षातही येणार नाही. आयडलिंगला मात्र सगळा पल्सच दोन-सव्वादोन मिलिसेकंदांचा, त्यातला एक आधीच वाया गेलेला. तिथे 0.2 म्हणजे पंधरा-वीस टक्के पेट्रोल. तपासायला सोपं आहे. इंजिन गरम होऊन आयडलिंगला शांत चालत असताना हेडलाइट, रेडिएटरचा पंखा, काचेचा हीटर, सगळं एकदम चालू करा. व्होल्टेज खाली येईल. त्याबरोबर लॅम्डाही लीनकडे सरकला तर दोष डेड टाइमच्या तक्त्यात आहे. नवशिका अशा वेळी व्हीई वाढवून मोकळा होतो, आणि दिवे बंद केले की गाडी काळा धूर सोडते. मग तो पुन्हा व्हीई कमी करतो. हा खेळ कितीही दिवस चालू शकतो.

दुसऱ्याचा तयार मॅप का नको, याचं उत्तर यातच आलं. त्याच्या व्हीईच्या आकड्यांत त्याच्या इंजेक्टरचा डेड टाइम, त्याच्या पेट्रोलचा दाब आणि त्याच्या सेन्सरच्या चुका मुरलेल्या असतात. पेट्रोलचा दाब त्याचा 3 बार आणि तुमचा 4 बार असेल तर तोच इंजेक्टर तेवढ्याच वेळात पंधरा टक्के जास्त पेट्रोल सोडतो. इंजिन पहिल्यांदा चालू होण्यापुरता असा मॅप वापरायला माझी हरकत नाही. तो तुमचा मॅप झाला असं मात्र समजू नये.

गाडी बाहेर काढल्यावर एकाने चालवावी आणि लॅपटॉप दुसऱ्याच्या मांडीवर असावा. चालवणाऱ्याने पडद्याकडे बघायचंच नाही, यात सूट नाही. आम्ही तर चालत्या गाडीत आकडे बदलत नाही. फक्त लॉग घेतो, परत येतो आणि टेबलावर बसून वाचतो. अ‍ॅक्सिलरेटर एका जागी धरून काही सेकंद एकाच वेगाने गेलेला भाग तेवढा हिशेबात धरायचा, कारण एक्झॉस्ट सेन्सरपर्यंत पोहोचून आकडा दिसेपर्यंत इंजिन पुढच्या चौकटीत गेलेलं असू शकतं, आणि मग एकीचं पाप दुसरीच्या माथी. दाबल्याबरोबर जादा पेट्रोल सोडणारी, कार्ब्युरेटरमधल्या अ‍ॅक्सिलरेटर पंपाचं काम करणारी सेटिंग सगळ्यात शेवटी. तक्ता नीट नसताना ती लावली तर खड्डे झाकले जातात, भरले जात नाहीत. थंड इंजिन चालू करण्याची सेटिंग मात्र चिकाटी बघते. एकदा इंजिन गरम झालं की पुढचा प्रयोग ते पुन्हा पूर्ण थंड झाल्यावरच.

ठिणगीच्या वेळेबद्दल लेखकाशी माझा पूर्ण मतभेद आहे. ताकद पटकन वाढते म्हणून त्यांनी तिथून सुरुवात करायला सुचवलं आहे. पेट्रोलची चूक लॅम्डावर दिसते. अ‍ॅडव्हान्सची चूक, म्हणजे ठिणगी किती आधी टाकायची यातली चूक, दाखवणारा असा कोणताही आकडा पडद्यावर नसतो. तिच्यासाठी डायनो, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणारं यंत्र, लागतो, नाहीतर नॉकिंग ऐकणारा कान. सहा हजार आरपीएमला एक अंश म्हणजे सेकंदाचा छत्तीस हजारावा भाग. अ‍ॅडव्हान्स फार झाला की जळायचं राहिलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने स्वतःहून पेट घेतं, आणि फुल लोडच्या गोंगाटात तो खणखणाट गाडीत बसलेल्याला ऐकूही येत नाही. नॉक सेन्सर असला तरी त्याला इंजिनानुसार वारंवारता द्यावी लागते. 86 मिलिमीटर बोअरच्या, म्हणजे सिलिंडरच्या व्यासाच्या, इंजिनाला ती 6.7 किलोहर्ट्झच्या आसपास येते. शिवाय उत्तम अ‍ॅडव्हान्सच्या जवळ टॉर्कचा आलेख सपाट असतो. दोन-तीन अंश मागे राहिलात तर फारसं काही जात नाही, तेवढेच पुढे गेलात तर पिस्टन जाऊ शकतो. नवशिक्याने मागेच राहावं. फुल लोडचं काम डायनोवाल्याकडे सोपवावं आणि तिथे शेजारी उभं राहून बघावं. पैसे वसूल होतात.

त्याच लेखाखाली एका जाणकाराचं मत छापलं होतं, की हे काम घरच्या माणसाने करूच नये. तेही मला मान्य नाही. माझ्यासारख्या निवृत्त बाईला आणि एका विशीतल्या मुलाला जर आयडलिंग आणि हलका लोड शिकता येतो, तर कोणालाही येईल. मात्र रस्त्यावरच्या गाडीच्या उत्सर्जन यंत्रणेत किंवा तिच्या कॅलिब्रेशनमध्ये फेरफार करायला अनेक देशांत कायद्याने बंदी आहे, आणि वॉरंटीही त्यात जाऊ शकते. शिकायला जुनं, कार्ब्युरेटरचं किंवा फक्त बंदिस्त ट्रॅकवर चालणारं इंजिन घ्यावं. एवढं तरी लेखात यायला हवं होतं.

शेवटी एक दुरुस्ती, जी कृपया पुढच्या रविवारी छापावी. लेखासोबतच्या चौकटीत हवा आणि पेट्रोल यांचं 14.7 हे प्रमाण सगळ्या वेगांना आणि सगळ्या लोडला 'योग्य' म्हणून दिलं आहे. तो आकडा शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्याचा, म्हणजे लॅम्डा 1 चा. पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असेल तर तोच आकडा 14.1 च्या आसपास येतो, म्हणून लॅम्डामध्येच बोलणं सोयीचं. टर्बो नसलेल्या इंजिनाला फुल लोडला साधारण 0.85 ते 0.90 लॅम्डा लागतो, पेट्रोलच्या भाषेत 12.5 ते 13.2. लेखावर विसंबून कोणी फुल लोडच्या टार्गेटमध्येही 14.7 भरण्याआधी ही दुरुस्ती वाचकांपर्यंत पोहोचावी, एवढी विनंती.

आपली,
एक निवृत्त इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन